तुलनेसाठी जुनी फिल्म

बाहेर जळगाव शेहेचाळीसवर गेलंय
आणि माझ्या खोलीत शाल घेऊन बसावं लागतं.
ही थंडी मशीनसाठी. माणसं तिच्या वशिल्यानं.
दुपारी शिपाई, मावश्या, कुणाकुणाचे मामा
दाराच्या फटीशी पाय सोडून बसतात;
मी उठवत नाही.

आडनाव झोपे. रात्री दोनला कॅज्युअल्टीतून फोन येतो,
"मॅडम, झोपल्या होत्या का?"
हा विनोद या इमारतीत
माझ्याआधीपासून माझी वाट पाहत होता.

मला माणसं उशिरा भेटतात, किंवा भेटतच नाहीत.
आधी येतं त्यांच्या आतलं:
पोरानं गिळलेलं रुपयाचं नाणं,
भुसावळच्या यार्डात चेंगरलेला हात,
केळीच्या ट्रकवरून पडलेल्याचा खुबा.
काळ्यातलं पांढरं शोधायचं, पांढऱ्यातलं काळं,
आणि खाली लिहायचं: लक्षणांशी पडताळून पाहावे.
या वाक्यामागे मी किती वेळा लपले
ते माझं मला माहीत.

सोनोग्राफीच्या वारी बायका. एफ फॉर्म, सही, अंगठा.
एक सासू पदराआडून विचारते,
"पेढा की जिलेबी, एवढं तरी सांगा."
ठोके चांगले आहेत, मी सांगते.
भिंतीवरची पाटी तिच्यासाठी आहे,
माझ्यासाठीही.

मंगळवारी उखा भिला. वय अंदाजे साठ.
धरणगावच्या जिनिंगात उभा जन्म गेलेला.
उजव्या फुफ्फुसात, वरच्या अंगाला, तुरीएवढी गाठ.
कडा गुळगुळीत; पण गुळगुळीत कडांनी
मला एकदा फसवलंय.
रिपोर्ट अर्धा टाइप झाला होता,
सुईने तुकडा घेऊन तपासणे आवश्यक,
तेव्हा निव्वळ सवयीनं रुबाब तडवीला म्हटलं,
विचार रे, जुनी फिल्म आहे का.

रुबाब आला तो हसू दाबत.
"हाये म्हने मॅडम. खिडकीले हाये."

शुक्रवारी आली. गोणपाटात गुंडाळलेली,
चारी कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं,
एका कडेला चुलीचा धूर,
नावातलं 'उखा' तेवढं शिल्लक.
अकरा वर्षांपूर्वीच्या कसल्याशा शिबिरातली.
काच फुटली तेव्हा लावली, म्हणे.
"उजेड येस ना तठून."

म्हणजे अकरा वर्षं, रोज सकाळी,
या माणसाच्या छातीतून ऊन घरात येत होतं.
सारवलेल्या भुईवर फासळ्या पडत असतील,
नात त्यांच्यावर लंगडी घालत असेल,
आणि तो शेजारी बसून चहा पीत असेल,
खोकत.

व्ह्यूबॉक्स आता कुणी वापरत नाही.
त्यावर रजेचे अर्ज चिकटवलेले, ते सोडवले.
ट्यूब दोनदा मिचकावून लागली.
भोकं वजा केली. धूर वजा केला.
उन्हानं खाल्लेलं वजा करायला वेळ लागला.
उरली ती, दुसऱ्या-तिसऱ्या फासळीच्या मध्ये.
तेव्हाही. तेवढीच.
पट्टी लावली. पुन्हा लावली.
मग माझा आकडा न सांगता रुबाबला लावायला दिली.
"नऊ मिलिमीटर," तो म्हणाला.
मी बरोबर नऊच लिहून ठेवले होते.

अर्धा रिपोर्ट खोडला.
तुलनेत बदल नाही. सुईची गरज नाही.
पडताळून पाहावे
यावेळी लिहिलं नाही.

आणि खोलीतून बाहेर गेले, शालीसकट,
त्या भट्टीत. बाकावर तो पाय जवळ घेऊन बसलेला.
"काय शे वं माय, मन्हा छातीमा?"
जुनी खूण आहे, म्हटलं, कधीच्या तरी आजाराची.
गुमान बसलीय.
"बसू दे," म्हणाला, आणि हात पुढे केला,
रिपोर्टसाठी नव्हे, फिल्मसाठी.
चार दिवस खिडकी उघडी, घरात झळा येतात.

दिली. म्हटलं,
खिळे त्याच भोकांत ठोका, आप्पा,
नवी पाडू नका.
पुढच्या वर्षी लागेल.